दोन वर्षांच्या प्रवाशाची शिदोरी

गेल्या मार्गशीर्षात आम्ही साताऱ्याहून सांगलीस निघालो तेव्हा गाडीत आहेराच्या साड्या होत्या, कंदी पेढ्यांचे चार पुडे होते, सौभाग्यवतींचे उकळून गाळलेले पाणी होते आणि मागच्या आसनावर आईशेजारी सव्वादोन वर्षांची आमची नात होती. साडूंच्या कन्येचा साखरपुडा दुपारी दोनचा, त्याआधी साडेबाराला जेवण. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कराड ओलांडून पेठ नाक्यावर वळायचे आणि आष्ट्यावरून सांगली गाठायची. निघताना नातीने न्याहारीच्या वाटीकडे पाहून तोंड फिरविले होते. "वाटेत खाईल काहीतरी," असे म्हणून मीच सर्वांना घाई केली.

ते 'काहीतरी' पुढे काय काय ठरले, तेच आज सांगायचे आहे. एरवी या पानावर मी ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र असे कोरडे विषय मांडत असतो. वाचकांनी या खेपेस वरणभाताचा विषय गोड मानून घ्यावा. लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत आपल्या समाजातील कोणते घर लहान मूल घेऊन प्रवासाला निघत नाही?

उंब्रजच्या अलीकडे नात रडू लागली. मी गाडी थांबवून एका टपरीवरून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि आंब्याच्या रसाचा छोटा खोका आणला. सूनबाई हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, जेवायला दोन-अडीच तासच आहेत. माझ्याजवळ दशमी आहे, केळं आहे. आत्ता हे नको." मी म्हणालो, "अगं, लेकरू आहे ते. प्रवासात चालतं." पुडा फुटला. कराडच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. आपल्या दुकानांतून लहानांना बशीतला चहा पाजण्याची जी रीत आहे, तिला अनुसरून मी चार घोट नातीलाही दिले. पेठ नाक्यानंतर पुन्हा कुरकुर सुरू झाली, तेव्हा भेटीसाठी घेतलेल्या पेढ्यांपैकी एक पुडा उघडला गेला. तोही मीच उघडला.

सांगलीत पंगत बसली. वरणभात, लाल भोपळ्याची भाजी, कच्च्या केळ्याची भजी, पुरी, बासुंदी. नात एक घास घेईना. मग आमच्या समाजात अशा वेळी जे होते ते झाले. चार-पाच बायका भोवती जमल्या. एक म्हणाली पोर हडकुळी आहे, दुसरीने मोबाईल पुढे केला, तिसरीने आपली मुले या वयात चार-चार पुऱ्या खात असत हे सांगितले. सूनबाईने कोणाला उत्तर दिले नाही. मी मात्र सर्वांसमक्ष बोललो, "घरी तरी कुठे शिस्त आहे!" एका वडीलधाऱ्या बाईंनी मुलीची हनुवटी धरून दोन घास तोंडात सारले. तिसऱ्या घासाला ती सगळे ओकली. नव्या रेशमी फ्रॉकवर, सूनबाईच्या शालूवर.

चार वाजता ती झोपी गेली. घरातील मंडळींनी दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकले, चूल विझली, ओटा पुसला गेला. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेआठला नात उठली आणि "भात, भात" म्हणून रडू लागली. सकाळपासून प्रथमच तिने स्वतः होऊन काही मागितले होते, आणि सगळे घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. परक्याचे घर, कडक चौविहार पाळणारी माणसे. मागावे तरी कसे? सूनबाई मुलीला खांद्यावर घेऊन ओसरीत फेऱ्या घालू लागली.

उठल्या त्या आमच्या सौभाग्यवती. एकतीस वर्षे त्यांनी सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेतलेले नाही. पर्युषणात तर पाणीही नाही. त्यांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितले, "व्रत माझं आहे, तिचं नाही. मला एक शेगडी दे." वाटीभर तांदळाचा मऊ भात झाला, त्यावर तूप आणि चिमूटभर मीठ. वाटी जमिनीवर ठेवून त्या स्वतः भिंतीला टेकून बसल्या. कोणी भरविले नाही, कोणी "अजून एक घास" म्हटले नाही. नातीने आपल्या हाताने, निम्मा भात सतरंजीवर सांडत, वाटी संपविली.

हे वाचून काही वाचक नाराज होतील, याची मला कल्पना आहे. मी पंडित नव्हे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या गुरुमहाराजांना विचारावे. मला ठाऊक आहे ते इतकेच की आपल्या परंपरेत आठ वर्षांच्या आत कोणाला दीक्षा दिली जात नाही. संयमाची जाण ज्याला येऊ शकते त्यानेच व्रत घ्यावे, हा विचार त्यामागे आहे. दोन वर्षांच्या मुलाने चौविहार केला असे चार लोकांत अभिमानाने सांगताना ते मूल उपाशी निजले होते का, हेही एकदा आठवून पाहावे. आणि खरे तर त्या रात्री प्रश्न व्रताचा नव्हताच. दिवसा उजेडी ती जेवली असती तर शेगडी पेटवावी लागली नसती. ती दिवसा का जेवली नाही, याचे उत्तर मला साताऱ्यास परतल्यावर मिळाले.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नातीची जन्मापासूनची वजने आलेखावर मांडून दाखविली. पहिल्या वर्षी रेषा उभी चढलेली, दुसऱ्या वर्षी बरीच आडवी झालेली. बँकेत अशी रेषा दिसली की वरिष्ठ कार्यालय खुलासा मागत असे. मी चिंतेने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, हे असेच असायला हवे. तीन किलोंचे मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत नऊ किलोंच्या आसपास जाते, म्हणजे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन ते अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. आईबाप मात्र पहिल्या वर्षाच्या भुकेचीच अपेक्षा धरून बसतात. त्यातच दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुलांना अनोळखी पदार्थांचे भय वाटू लागते. नुकते चालू लागलेले मूल आईच्या नजरेआड काहीही तोंडात घालू शकते, तेव्हा अनोळखी वस्तू थुंकून टाकण्याच्या वृत्तीने त्याचे रक्षणच होत असावे, असे अभ्यासक म्हणतात. प्रवासात तर ताट, पाणी, जागा, माणसे सारेच अनोळखी. तेथे मुलाने हट्ट केला नाही तरच नवल.

मग त्यांनी एक साधे काम सांगितले. तीन दिवस मुलीच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसह लिहून आणायचे. घोटभर दूध असले तरी लिहायचे. नोंदी ठेवणे हा माझा जन्माचा व्यवसाय. मी वही आखली. तिसऱ्या दिवशी रात्री बेरीज केली तेव्हा 'काहीच न खाणाऱ्या' मुलीच्या नावावर एका दिवसात चौदा नोंदी निघाल्या. त्यांतील जेवण म्हणावे अशा पाच; बाकीच्या नऊ म्हणजे बिस्किटाचा तुकडा, दुकानात कोणी दिलेली गोळी, बशीतला चहा, आजोबांच्या ताटातील पापड, झोपताना एक मोठा पेला दूध आणि पहाटे पुन्हा एक. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी सांगलीचा दिवस आठवून लिहिला: सहा क्रीमची बिस्किटे, रसाचा एक खोका, चहाचे चार घोट, दोन पेढे, सारे सकाळी साडेनऊ ते बारा या वेळात. एवढी साखर पोटात गेल्यावर साडेबाराला वरणभाताची वाटी पुढे आली, तर तिने ती का घ्यावी? त्या पानावरील प्रत्येक नोंद माझ्या हातची होती, आणि पंगतीत मी बोल लावला तो सूनबाईला.

वही मी तिच्या हाती दिली. मागचे पान वाचून ती काही बोलली नाही. मी म्हणालो, "चूक माझी होती. सांगलीच्या मंडळींनाही मी तसं कळवीन." फोनवर साडूंना तसे सांगताना जीभ जड झाली होती, हे कबूल करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांच्या पूरक आहाराविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. साखर घातलेली पेये या वयात देऊ नयेत, अति गोड व अति खारट पदार्थ टाळावेत आणि मुलाची भुकेची खूण ओळखून भरवावे, बळजबरी करू नये, असा तिचा आशय आहे. आमची नात दोन वर्षे ओलांडून गेली असली, तरी तिसऱ्या वर्षी नियम उलटा होतो असे थोडेच आहे! अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात जबाबदारीची जी वाटणी मांडली, ती मला व्यापारी घरांना सहज समजेल अशी वाटते. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून खायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. भागीदारीत ज्याचे खाते त्याने सांभाळावे आणि दुसऱ्याच्या खात्यात हात घालू नये, तसेच हे. आम्ही दोन्ही बाजूंनी उलटे करीत होतो. काय आणि केव्हा खायचे हे रडून मुलगी ठरवीत होती, आणि किती खायचे ते हनुवटी धरून आम्ही.

आता प्रवासातील शिदोरीकडे वळतो, कारण तेथे आपला प्रश्न इतरांहून थोडा वेगळा आहे. मुलांच्या आहाराची छापील पत्रके गाजर, रताळे, बटाटा उकडून द्या असे सांगतात. आपल्या घरांत कंदमूळ नाही. मोड आलेली कडधान्ये द्या म्हणतात; अंकुरित धान्य अनंतकाय मानून अनेक घरे वर्ज्य करतात, आणि बाजारातील नाचणीसत्त्व बहुधा मोडाच्याच नाचणीचे असते. अंजीर उदुंबर वर्गातले म्हणून नको. मध आपल्याकडे निषिद्धच, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे वैद्यकशास्त्रही बजावते, कारण त्यातून एक गंभीर विषबाधा संभवते. एवढे सगळे वजा केल्यावर उरले काय, असे सूनबाईने एकदा त्राग्याने विचारले होते. सौभाग्यवतींनी तिला फळीवरचे डबे दाखविले.

पहिला डबा खिमटाचा. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजायची, थोडे जिरे घालून रवाळ दळायची. प्रवासात कोठेही उकळते पाणी मिळाले की चार चमचे खिमट पाच-सात मिनिटे शिजवून वर तूप सोडायचे. धर्मशाळेत शेगडी मिळते, लॉजवर विजेची किटली. घरच्या वरणभाताची चव त्यात सापडते आणि अनोळखी गावी मुलाला तीच ओळख हवी असते. दुसरा डबा भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, धान्यांत तिची बरोबरी करणारे दुसरे नाही. मोड न आणता नुसती भाजून दळली तरी ती उत्तमच. जावळी-पाटणच्या डोंगरी भागांतून आपल्याकडे ती चांगली येते. तिसरा सातूच्या पिठाचा. त्यात हरभऱ्याची डाळ असते, म्हणून द्विदल पाळणाऱ्या घरांनी ते दही-ताकात न कालवता गरम पाण्यात गूळ विरघळवून कालवावे.

पिठांच्या मर्यादेविषयी आपले पूर्वज किती सावध होते, हे मला या निमित्ताने पुन्हा जाणवले. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवसांची. श्वेतांबर घरांत खाखरे, मिठाई यांना चातुर्मासात १५, उन्हाळ्यात २० आणि थंडीत ३० दिवस. हवेतला ओलावा वाढला की मुदत घटते, हा हिशोब सूक्ष्मदर्शक यंत्र येण्यापूर्वीचा आहे. डब्यावर दळल्याची तारीख लिहिण्याची सवय मी घरात लावली. सूनबाई तिला 'पप्पांचा शिक्का' म्हणते.

त्याच दिवशी संपवायच्या पदार्थांत दशमी सर्वांत वर. पाण्याऐवजी दुधात भिजविलेले पीठ, चवीपुरता गूळ. मऊ राहते, हातात मावते, सांडत नाही. गुजराती वाचकांच्या घरी खाखरा असतोच, पण तो कडक. लहानग्यांसाठी कोमट दुधात बुडवून मऊ करावा. गाजराची उणीव लाल भोपळा भरून काढतो. त्याचे घारगे आपल्या आज्या प्रवासाला देतच असत. मुलांसाठी ते तळण्याऐवजी तव्यावर तुपाच्या थेंबावर भाजता येतात. राजगिऱ्याचा लाडू दुधात क्षणात विरघळतो. आणि केळे! न धुता, न शिजवता, स्वतःच्या आवरणासह येणारे दुसरे फळ प्रवासासाठी शोधून सापडणार नाही.

सांगलीच्या बेदाण्याविषयी थोडे सांगतो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्यातील कितीतरी पेढ्या त्यावर उभ्या आहेत. पण अख्खा बेदाणा, अख्खा शेंगदाणा, फुटाणा, गोल द्राक्ष हे चार-पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चालत्या, हिसके देणाऱ्या गाडीत तर मुळीच नको. बेदाणे रात्री भिजवून, कुस्करून द्यावेत. प्रवासात मुलांचे पोट जड होते, त्यावर ते उपयोगीही पडतात. सांगलीच्या भडंगाचेही तेच. लसणाविना घरी केलेले भडंग मोठ्यांनी खुशाल खावे, पण त्यातला दाणा लहानग्याच्या मुठीत जाऊ देऊ नये. पुड्यातल्या खाऊवरील हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. कांदा-लसणाची भुकटी आहे की नाही, ते मागच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते. माझा चष्मा त्यासाठी आता पुढच्या खिशात असतो.

दुधाची चिंता वेगळी. कोमट दूध तासनतास बाटलीत ठेवणे धोक्याचे. ते उकळते असतानाच थर्मासात भरावे आणि दोन तासांत संपवावे, नाहीतर बंद खोक्यातील दूध जवळ ठेवून लागेल तेव्हाच उघडावे. दहीभातासारखे ओले पदार्थही उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नयेत. दिवसभराचे दूध चारशे-पाचशे मिलिलिटरच्या आत असावे असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. दुधाने पोट भरलेले मूल इतर काही खात नाही आणि त्याच्या रक्तात लोह कमी पडते. चहानेही लोह नीट शोषले जात नाही. बशी मी तेव्हाच बंद केली. मूल ओकत असेल तर खाण्याचा आग्रह सोडून क्षार-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजावे. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा मूल निस्तेज होऊन पडून राहिले, तर प्रवास तेथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

माघात आम्ही पुन्हा निघालो, या वेळी कुंभोजच्या बाहुबलीला. वेळापत्रक मी मावळतीकडून उलटे आखले. त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या थोडा आधी; म्हणून मुलीचे शेवटचे जेवण साडेपाचला, त्यासाठी तीर्थावर साडेचारला पोहोचायचे, दुपारची झोप गाडीत, त्याआधीचे जेवण सांगलीत साडेबाराला. सकाळचा टप्पा रेल्वेने केला. मोटारीत मुले वळणावळणाला कासावीस होतात आणि महामार्गाच्या कामामुळे कोठे किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. रेल्वेत मूल उभे राहते, खिडकीशी बसते. न्याहारी माहुलीच्या स्थानकात गाडी येण्यापूर्वीच, बाकावर बसून: तिची घरचीच वाटी, तिचाच चमचा. तिने नाचणीची खीर अर्धी खाल्ली आणि वाटी सरकवली. कोणी काही बोलले नाही. मला बोलावेसे वाटले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले.

कोरेगाव, रहिमतपूर, मसूर गेले. कराडच्या आसपास तिने शेजारच्या प्रवाशाच्या हातातील वेफर्सच्या पुड्याकडे बोट केले आणि रडण्याचा सूर लावला. हीच ती कसोटीची घटका. सूनबाईने पुडा नाकारला, पण मुलीला रागावली नाही. दशमीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि नदी कोठे दिसते ते पाहू या म्हणाली. दशमी पाच मिनिटे नुसती हातात होती, नंतर खाली पडली. ती तशीच गेली. ताकारी आले, किर्लोस्करवाडी आली, तोवर दुसरा तुकडा मागून घेतला होता. सांगलीत साडेबाराला, त्याच साडूंच्या घरी, त्याच ओसरीत, वाटी जमिनीवर ठेवली. साडूंच्या सौभाग्यवतींनी या वेळी जमलेल्या बायकांना आतल्या खोलीत बोलावून घेतले. वरणभात तिने पाऊण वाटी खाल्ला. भोपळ्याच्या भाजीला बोट लावून ते पुसून टाकले.

बाहुबलीस आम्ही पावणेपाचला पोहोचलो. जयसिंगपुराजवळ चाक पंक्चर झाल्यामुळे पंधरा मिनिटे गेली, पण तेवढी सवड आधीच धरली होती. १९६३ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या त्या २८ फुटी मूर्तीपुढे मोठी माणसे वर पाहत होती आणि नात भगवंतांच्या पायाच्या अंगठ्याशी आपला अंगठा मापून पाहत होती. भोजनालयात आम्ही वाढप्यांना विनंती केली की तिच्यासाठी फोडणीपूर्वीचे वरण वाटीत काढून द्यावे. ते त्यांनी आनंदाने दिले; तीर्थांवर मागितले तर असे मिळते, आपणच मागत नाही. शत्रुंजयासारख्या ठिकाणी मात्र, जेथे डोंगरावर काही खायचे नसते आणि भाता खाली तळेटीला मिळतो, तेथे एवढ्या लहानग्याला वर नेऊ नये असे मला वाटते. एकाने खाली थांबावे, दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी.

सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी नात जेवली होती. किती, ते मी विचारले नाही. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा पुढे आल्याशिवाय मूल तो स्वीकारत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते; म्हणून भोपळ्याचा घारगा सूनबाई प्रत्येक वेळी ताटाच्या कडेला ठेवते, खा म्हणत नाही. रात्री दिव्याखाली तिने वही काढली. ती वही आता तिच्याकडे असते. मी डोकावून पाहिले. त्या दिवसाची शेवटची ओळ अशी होती: 'घारगा, अकरावी वेळ. चाटला. उरलेला आजोबांच्या तोंडात घातला.'